ढिगाबाहेरचा गंधार

दस्तगीर उस्तादांचे कान गेले, ही बातमी मिरजेत सगळ्यांत शेवटी कळली ती खुद्द दस्तगीर उस्तादांना.

तसे ते ठार बहिरे झाले नव्हते. कानात यंत्र घातलं की बोलणं नीट कळायचं, आणि बायकोचं नको असलेलं बोलणं कळायचं नाही, पण ते काय, कुठल्याही नवऱ्याला यंत्राशिवायही जमतं. गेलं होतं ते वरचं. तंबोऱ्याची तार छेडली की मूळ सुराच्या डोक्यावर एक बारीक, झिणझिणती झालर उठते. ती ऐकायची, आणि उठत नसेल तर उठवायची, यावर या माणसाचं घर पन्नास वर्षं चाललं होतं.

ही झालर येते कुठून, तर घोडीतून. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात ती घोडी. तिचा माथा दिसायला सपाट, पण त्याला केसाएवढा उतार असतो. थरथरणारी तार त्या उताराला चाटून जाते आणि त्या चाटण्यातून वरचे सूर फुटतात. उतार चुकला की तंबोरा मुका. एकेका तारेखाली कानस चालवून तो उतार साधायचा, याला म्हणायचं जवारी काढणं. दोन घासे कमी पडले तर पुन्हा घासता येतं. दोन जास्त झाले तर घोडी गेली.

आणि एक दिवस धारवाडहून एक तंबोरा परत आला. सोबत चिठ्ठी होती, ‘उस्ताद, हा बोलत नाही.’

दस्तगीरांनी तो मांडीवर घेऊन छेडला. "बोलतोय की! हे काय, झकास बोलतोय." त्यांनी बायकोला, रशीदाबींना, हाक मारली, शेजारच्या दुकानातल्या दोघांना बोलावलं आणि पुन्हा छेडला. कुणी काही बोलेना. रशीदाबींनी तर पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. त्या गप्प बसण्यातून उस्तादांना काय ते समजलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. उंच सूर टिपणाऱ्या कानातल्या पेशीच उरलेल्या नाहीत. कानाचं यंत्र आवाज मोठा करून देतं, पण आत घेणारंच कुणी नसेल तर दारात ओरडून काय उपयोग? दस्तगीरांनी घरी येऊन कानस फडक्यात गुंडाळली आणि फळीवर ठेवली. त्यानंतर ते भोपळे घासायचे, दांड्यांना रंग द्यायचे, नक्षीचं काम करायचे. गल्लीतले लोक सवयीनं तंबोरा दाखवायला आणायचे, "उस्ताद, बघा की जरा." ते छेडायचे आणि म्हणायचे, "छान." सगळंच छान. अर्ध्या महाराष्ट्राच्या गवयांना तोंडावर "न्हाई, अजून झालं न्हाई" म्हणून परत पाठवणारा हा माणूस दोन वर्षांत कुणाला एकदाही नाही म्हणाला नव्हता. त्यांच्या मुलीला, तस्नीमला, हे फार लागायचं.

तस्नीम चौतीस वर्षांची. घराच्या माडीवर बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहायची. शहरातल्या पाण्याच्या मीटरांचे कोट्यवधी आकडे रोज तिच्याकडे यायचे. "तू नक्की करतीस काय गं?" असं अब्बांनी एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "अब्बा, आकड्यांची एक लांबच लांब रांग असते. ती मी तुकड्यांत कापते आणि एकसारखे तुकडे एका ढिगात टाकते."

"म्हणजे गवार निवडतीस," रशीदाबी म्हणाल्या.

"तसंच समज."

"मग हितं खाली बसून निवड की. पगार द्यायला त्यास्नी कोण वेडं भेटलंय काय म्हाईत."

सन दोन हजार त्रेचाळीसमध्ये तंबोऱ्याच्या जवारीलाही यंत्र आलं होतंच. गल्लीतल्या पाच दुकानांत यंत्राचे हात दिवसाला चाळीस घोड्या घासत होते. त्यांची जवारी वाईट नव्हती. सगळ्यांची एकसारखी होती, एवढंच.

मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला गवई हजेरी लावतात, त्या उरुसाला तीन महिने उरले असताना कुमुदिनी बेहेरेबाई आल्या. बाईंना ऐंशीवं लागलेलं. "उरुसात यंदा शेवटचं गाणार," हे त्या गेली सात वर्षं सांगत होत्या. जुनी तंबोऱ्यांची जोडी त्यांनी शिष्यांना देऊन टाकली होती आणि त्यांना नवी जोडी हवी होती.

"दस्तगीरभाई, जवारी तुमच्या हातची पाहिजे."

"बाई, मी आता काढत न्हाई. यंत्रावर काढून घ्या. छान असतीय."

"छान मला कळतं हो. मला तुमची पाहिजे." जोडीवर चढवायच्या दोन नव्या कापडी गवसण्या त्या शिवून घेऊन आल्या होत्या, त्या बैठकीवर ठेवून सरळ निघून गेल्या. दस्तगीरांनी त्या गवसण्यांवरून हात फिरवला. तस्नीम जिन्यात उभी राहून अब्बांकडे बघत होती. तिनं त्याच दिवशी कंपनीत उरुसापर्यंतची रजा टाकली.

तिनं पहिलं यंत्र केलं ते चार दिवसांत. तंबोऱ्यापुढे माईक, शेजारी पडदा. तार छेडली की पडद्यावर अक्षरं उमटायची, ‘तिसरी तार, दोन घासे, डावीकडून.’ अचूक होतं. तिनं फळीवरची कानस काढून दिली, दस्तगीरांनी सांगितल्याप्रमाणे दोन घासे मारले. पडद्यावर हिरवी खूण आली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं अब्बा! एकदम बरोबर."

"कुणी सांगितलं?"

"पडद्यानं."

"मग कानस पण त्यालाच दे." त्यांनी कानस तिच्या हातात ठेवली. रागावले नव्हते, हेच तस्नीमला जड गेलं. "हे बघ बेटा, हात तर गल्लीत पन्नास हायत. बरोबर झालं का न्हाई हे दुसऱ्यानं सांगायचं आणि मी मान डोलवायची, ते तर मी आताबी करतोयच की."

ती माडीवर जाऊन थोडा वेळ रडली, मग तोंड धुऊन कामाला बसली. अब्बांना उत्तर सांगणारं यंत्र नको होतं. त्यांना ऐकायचं होतं. कान नसतील तर दुसरं काहीतरी वापरून, पण स्वतःला ऐकायचं होतं.

त्या सुमारास कृत्रिम हातांसाठी एक नवं पटल निघालं होतं. कांद्याच्या सालीहून पातळ, आणि त्यावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे दोनशे ठिपके. विजेच्या इशाऱ्यावर एकेक ठिपका वेगळा थरथरतो. खरी गंमत पटलात नव्हती, माणसाच्या मेंदूत होती. बोटाच्या टोकावर रोज तासभर अशी नक्षी फिरवली तर तीनेक आठवड्यांत मेंदू तिला नुसता स्पर्श समजायचं सोडतो आणि तिच्यात ओळखीची माणसं ओळखावीत तसे आकार ओळखू लागतो. त्वचेला फार जलद थरथर कळत नाही. सेकंदाला हजारच्या वर गेली की ती बधिर. तंबोऱ्याची झालर तर तीन-चार हजारांत असते. म्हणून तस्नीमनं ठरवलं, त्या पटलाच्या टोप्या करून बोटांत घालायच्या आणि सूर जितका उंच तितका बोटाच्या टोकाकडचा ठिपका हलवायचा. उंची जागेत बदलायची. थरथर मात्र त्वचेला सोसेल तेवढीच ठेवायची.

अडचण पुढेच होती. तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात, आणि शेवटची खर्जाची. चारही एकामागून एक छेडतात आणि आधीची विझायच्या आत पुढची वाजते, त्यामुळे हवेत कायम चौघींची खिचडी. पण घोडी घासायची ती एकेका तारेखाली. तेव्हा कुठल्या तारेची झालर कशी आहे हे वेगवेगळं कळायला हवं. माईकमधून येते ती फक्त आकड्यांची रांग, सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार. प्रोग्राम लिहिणारे तिला अ‍ॅरे म्हणतात. तस्नीमसाठी हे रोजचंच काम होतं. रांगेचे बारीक, सारख्या लांबीचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात कुठला सूर आहे ते काढायचं. मग एका सुराचं सगळं एका ढिगात. पंचमाचा ढीग, षड्जाचा ढीग, खर्जाचा ढीग. तीन सूर, तीन ढीग, तीन टोप्या. मधल्या दोन्ही तारा एकाच सुरात लावलेल्या, मग सारख्याच मालाला दोन ढीग कशाला? उलट एक टोपी वाचली म्हणून ती खूशच झाली.

त्या तीन टोप्या अब्बांच्या डाव्या हाताच्या बोटांवर चढल्या, उजव्या हातानं त्यांनी तारा छेडल्या, आणि ते दचकले.

"काय झालं अब्बा?"

"मुंग्या आल्या." पुन्हा छेडलं. "मुंग्या न्हाईत. कोणतरी चाललंय."

रोज सकाळी तासभर ते टोप्या घालून जुने, उत्तम जवारीचे तंबोरे छेडत बसायचे. पहिला आठवडा मुंग्या. दुसऱ्यात ते जेवताना अचानक म्हणाले, "पंचम हसतोय." तिसऱ्या आठवड्यात त्यांनी डोळे मिटून तीन तंबोरे नुसत्या बोटांनी ओळखले. रशीदाबींनी साखर वाटायला काढली. तस्नीमनं माडीवर जाऊन एकटीनंच दोन उड्या मारल्या, चौतीसाव्या वर्षी.

मग तस्नीमनं परत फळीवर ठेवलेली कानस दस्तगीरांनी आपल्या हातानं खाली काढली.

त्यांच्या घराची एक रीत होती. जोडीतल्या दोन्ही तंबोऱ्यांच्या घोड्या एकाच हाडातून, एकाच दिवशी कापायच्या, म्हणजे दोघी बरोबरीनं मुरतात. त्यांच्याकडे अकरा वर्षं मुरवलेलं उंटाचं एक हाड होतं. त्यातून चार घोड्या निघाल्या असत्या, दोन जोड्या. पहिल्या दोन कापल्या. पंचमाखाली कानस चालली, खर्जाखाली चालली, बोटं सांगत होती आणि हात ऐकत होता. मधल्या तारांपाशी मात्र ते अडले. घासलं, छेडलं, तोंड वाकडं केलं. पुन्हा घासलं.

"काय होतंय अब्बा?"

"कळंना. कधी लई बोलतीय, कधी एकदम गप. त्याच तारेखाली, त्याच जागी."

"अजून थोडं घासून बघा."

हे वाक्य आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं तस्नीमला पुढे कितीदा तरी वाटलं. त्यांनी अजून थोडं घासलं. मग अजून थोडं. तिसऱ्या दिवशी त्यांनी घोडी उचलून उजेडात धरली. मधल्या दोन तारांखाली खड्डा पडला होता. एक गेली म्हणजे जोडीतली दुसरीही गेली.

दस्तगीरांनी टोप्या काढून ठेवल्या. "जाऊ दे बेटा. तू लई केलंस." आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "छान हाय तुझं यंत्र."

‘छान’ ऐकल्यावर तस्नीमला भडभडून आलं. गल्लीतल्या सगळ्यांना मिळायचं ते छान आज तिला मिळालं होतं. आता हाडात दोनच घोड्या उरल्या होत्या आणि उरुसाला पाच आठवडे.

दोन दिवस ती प्रोग्रामच्या ओळी वाचत बसली. चूक सापडेना. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला खाली आली, तर अब्बा ताटापुढे डाव्या हातात भाकरी तशीच धरून बसले होते आणि उजव्या हाताची बोटं त्यांच्याही नकळत मांडीवर चालली होती. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. पन्नास वर्षांची सवय.

तिनं सहज विचारलं, "अब्बा, पूर्वी कान होते तेव्हा मधल्या दोन तारा वेगळ्या कशा ओळखायचा? सूर तर एकच."

"सुरावरनं कोण ओळखतंय?" ते म्हणाले. "नंबरावरनं. पंचमानंतर वाजली ती पहिली जोड, तिच्यानंतर वाजली ती दुसरी. रेशनच्या दुकानात काय तोंड बघून ओळखत्यात व्हय? नंबर बघायचा."

"पण दोन्ही सारख्याच ना?"

"सारख्या?" त्यांनी भाकरी खाली ठेवली. "अगं, तंतोतंत सारख्या लावल्या तर तंबोरा मरतोय. दोघींत एक कणभर फरक ठेवायचा असतोय. तो फरकच हलत राहतोय, म्हणून तर तंबोरा जिता वाटतोय. आणि दोघींची घोडीवरची जागाबी वेगळी, उतारबी वेगळा."

तस्नीमचा घास हातातच राहिला. तिनं सूर बघून ढीग केले होते. दोन्ही जोडीच्या तारा एकाच ढिगात, एकाच टोपीत कोंबल्या होत्या. त्यांच्यातला तो कणभर फरक टोपीत शिरून कधी दोघींना एकमेकींवर चढवत होता, कधी एकमेकींना पुसून टाकत होता. अब्बांना लागत होतं ते भांडण. तार दिसतच नव्हती. तंबोऱ्याच्या घरात जन्मून, तंबोऱ्याखाली रांगून, तिनं दोन तारांना सारखा माल समजून एक टोपी वाचवली होती!

"अब्बा, मी गाढव आहे."

"ते ऱ्हाऊ दे. आधी जेव," रशीदाबी म्हणाल्या. पण ती जिन्याच्या अर्ध्यात पोचली होती.

बदल तसा थोडा होता. आधी ती रांग सारख्या लांबीत कापत होती. आता जिथं नवी तार छेडली जाते आणि आवाज उसळी घेतो, तिथंच कापायची. मग सूर बघायचाच नाही. नुसतं मोजायचं. पहिला, पाचवा, नववा तुकडा पहिल्या ढिगात. दुसरा, सहावा, दहावा दुसऱ्यात. चाराचार करत जायचं. प्रत्येक उसळीत जे नव्यानं आलं ते त्या तारेचं, आधीपासून गुणगुणत होतं ते वजा. चार ढीग, चार नव्या टोप्या. सुरानुसार गट पाडण्यात हरवलेला क्रम तिनं परत आणला होता.

चार टोप्या घालून दस्तगीरांनी छेडलं. मग थांबले. मधली दोन बोटं त्यांनी डोळ्यांपुढे धरली, जणू पहिल्यांदाच बघत होते.

"आल्या," ते म्हणाले. "दोघीबी आल्या."

पुढचे तीन आठवडे त्या घरात मजा होती. दस्तगीर पहाटेच्या चहाबरोबर कामाला बसायचे. कानात यंत्र नाही, बोटांत टोप्या. कुणी दारातून हाक मारली तर ऐकू यायची नाही आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती. घासायचे, पुसायचे, छेडायचे, एकटेच हसायचे. रशीदाबी म्हणायच्या, "लगीन झालं तवाबी माझ्याकडं बघून इतकं हसला न्हाईत." उरलेल्या हाडातल्या दोन घोड्या तयार झाल्या, जोडी जुळली, आणि उरुसाला आठ दिवस असताना बेहेरेबाई बघायला आल्या.

बाई बैठकीवर बसल्या. एक तंबोरा तस्नीमनं छेडला, दुसरा दस्तगीरांनी. बाईंनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाल्या, "वा! छान. अगदी छान झालीय जोडी."

सगळ्यांचे चेहरे उजळले. मग बाईंनी टोप्यांची चौकशी केली. तस्नीमनं मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं, रांग कशी कापली, ढीग कसे केले, कुठली तार कुठल्या बोटात. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी त्यांनी जरा अडखळत विचारलं, "आणि गंधार गं बाळ? तो कुठल्या बोटात?"

तस्नीम गोंधळली. गंधाराची तार तंबोऱ्यात नसतेच. चारही तारा सुरात असल्या आणि जवारी मनासारखी उतरली, की तो आपला आपण उमटतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात आणि तो येईपर्यंत गाणं सुरू करत नाहीत.

"तो... तो कुठल्याच तारेचा नाही ना," ती म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिच्या लक्षात आलं. तिचा प्रोग्राम उसळीवर चालत होता. गंधार छेडीबरोबर उसळत नाही. तो मागाहून, दोन छेडींच्या मधल्या जागेत फुलतो. मग तो कुणाच्याच नावावर पडत नसणार. चार ढिगांत न बसलेलं जे उरतं, ते सगळं ती एका ओळीत फेकून देत होती. सगळेच प्रोग्रामर देतात.

"पाच मिनिटं बसा," तिनं सांगितलं आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. ती फेकून देणारी ओळ काढली. उरलेल्याचा पाचवा ढीग केला. आधीच्या तीन टोप्यांतली एक खणात पडून होती, ती अब्बांच्या अंगठ्यावर चढवली.

दस्तगीरांनी पहिला तंबोरा घेतला. एक, दोन, तीन, चार. पुन्हा. तिसऱ्या फेरीला अंगठ्यावर कुणीतरी चालू लागलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. रशीदाबींनी पुढे होऊन पदरानं पुसलं.

"आला," ते म्हणाले. "तसाच हाय. जरासुद्धा म्हातारा झाला न्हाई."

मग त्यांनी दुसरा तंबोरा घेतला. चार फेऱ्या छेडला, सहा फेऱ्या छेडला. जवारी खुलवायला घोडीवर तारेखाली अडकवतात तो दोरा जरा सरकवून पुन्हा छेडला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. कपाळाला ती जुनी आठी पडली, जिला धारवाडपासून पुण्यापर्यंतचे गवई टरकून असत.

"न्हाई," दस्तगीर म्हणाले.

"काय नाही?" बाईंनी मोठ्यानं विचारलं.

"हा झालेला न्हाई. ह्याच्यात गंधार पुरा उतरंना. दुसऱ्या जोडीच्या तारेखाली कसर हाय. बाई, तुम्ही छान म्हणालात, पण हा मी देणार न्हाई."

तस्नीमनं भोपळ्याला कान लावला. खरंच. पहिल्या तंबोऱ्यात गंधार लख्ख होता. दुसऱ्यात होता-नव्हता असा. तिचे कान तरुण होते, तिला सांगितल्यावर कळलं. अब्बांना कुणीही न सांगता कळलं होतं. ती बाईंकडे वळली. ऐंशीची झाली तरी केवढी मोठी गायिका, त्यांना कसं नाही कळलं? पण विचारायचं कसं?

बाईंच्या ते ध्यानात आलं. त्या खाली बघत गवसणीची नाडी चाळवत होत्या.

"दस्तगीरभाई, कानात यंत्र घाला. एकदा सांगायचंय, पुन्हा सांगवणार नाही."

त्यांनी यंत्र घातलं.

"मला गंधार ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "चार वर्षं झाली. वरचं सगळंच गेलंय. कुणाला बोलले नाही. म्हटलं, तंबोरा दस्तगीरभाईंच्या हातचा आहे ना, मग त्यात गंधार असणारच. तो आहे असं धरून गाते."

दस्तगीर त्यांच्याकडे बघतच राहिले. "चार वर्षं? म्हणजे तुम्ही यायचात, तंबोरा ऐकायचात, छान म्हणायचात..."

"ते असंच म्हणायची."

"अहो बाई! तुम्ही छान म्हणायचात म्हणून मला वाटायचं माझे कान शाबूत हायत!"

"आणि तुम्ही द्यायचात म्हणून मला वाटायचं जवारी शाबूत आहे!"

मग बाईंना हसू फुटलं. दस्तगीरांना फुटलं. दोघं म्हातारी एकमेकांकडे बोट दाखवून इतकी हसली की बाईंना ठसका लागला आणि रशीदाबी पाणी आणायला धावल्या. तस्नीम हसत होती आणि डोळेही पुसत होती.

हसू ओसरल्यावर दस्तगीरांनी आपल्या अंगठ्यावरची टोपी काढली. बाईंचा हात आपल्या हातात घेण्याची त्यांची रीत नव्हती, म्हणून टोपी तळहातावर ठेवून पुढे केली. बाईंनी ती स्वतःच अंगठ्यात चढवली. दस्तगीरांनी पहिला तंबोरा उचलला आणि छेडू लागले.

"मुंग्या येतायत," बाई म्हणाल्या.

"येऊ द्या. तीन आठवडे लागत्यात. तुम्हाला कमी लागतील."

उरुसाला आठच दिवस होते. पण साठ वर्षं ज्या सुराच्या मागे काढली, त्याला ओळखायला तीन आठवडे कशाला लागतील? पाचव्या का सहाव्या फेरीला बाईंचा अंगठा आपोआप वर उचलला गेला. त्यांनी षड्ज लावला. खणखणीत. गल्लीतल्या यंत्रांच्या दुकानातले लोक दारात येऊन उभे राहिले. बाईंनी षड्ज धरून ठेवला आणि अंगठा उंच धरून, डोळे मिटून, तशाच बसून राहिल्या.

दस्तगीर मात्र ऐकायला थांबले नाहीत. तंबोरा त्यांनी तस्नीमच्या हातात दिला, "छेडत ऱ्हा, बाईंचा सूर मोडू नको," म्हणाले, आणि कानस घेऊन दुसऱ्या तंबोऱ्याच्या घोडीवर वाकले. अजून दोन घासे बाकी होते.